मुकिसाला आणायला

युगांडाहून परतल्यापासून सगळे एकच विचारतात. सोसायटीतल्या बायका, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमधल्या मैत्रिणी, निगडीच्या चौकातला भाजीवाला. सिंह दिसला का? नाही दिसला. सिंह पाहायला आम्ही गेलोच नव्हतो. आम्ही गणेशच्या मुलाला आणायला गेलो होतो, आणि जे पाहून आलो ते सिंहापेक्षा मोठं होतं. सांगायला बसलं की बसचा स्टॉप येतो, म्हणून लिहून काढतेय.

गणेश माझा धाकटा दीर. आमचं मूळ गाव लातूरकडचं. आयटीआय करून तो भोसरीत फिटर म्हणून लागला, पुढे युगांडातल्या एका साखर कारखान्यात देखभालीचं काम मिळालं म्हणून तिकडे गेला. तिथल्याच प्रॉसी नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. त्यांना मुलगा झाला, मुकिसा. त्यांच्या भाषेत मुकिसा म्हणजे आशीर्वाद. मुलगा दोन वर्षांचा असताना गणेश आणि प्रॉसी मोटारसायकलवरून येताना अपघातात गेले. मुकिसा त्या दिवशी आईच्या आईकडे होता, म्हणून वाचला.

मुकिसाला आपल्या घरी आणायचं, हे माझा नवरा बालाजी, सासूबाई आणि आमची कॉलेजात जाणारी मुक्ता, सगळ्यांच्या मनात एकदमच आलं. पण मनात येणं आणि आणणं यांच्यामध्ये दोन्ही देशांचे कायदे होते. घराची पाहणी, पोलीस पडताळणी, दत्तकाच्या मंजुऱ्या, प्रत्येक कागदावर शिक्का आणि त्या शिक्क्यावर दुसरा शिक्का. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळते. कुठला नट कुठल्या रॅकवर आहे हे डोळे मिटून सांगते. हेही काम तसंच हाताळलं. एक जाड निळी फाइल तयार झाली. मुक्ता तिला "धाकटी बहीण" म्हणायची, कारण मी ती उशाशी घेऊन झोपायचे.

एक गोष्ट मात्र त्या फाइलमध्ये बसत नव्हती, ती म्हणजे मुकिसाच्या आजीचा होकार. फोनवर त्या एवढंच म्हणायच्या, या, मग बोलू. आजी कोर्टात नाही म्हणाल्या तर बाकी कागदांचा उपयोग शून्य, असं तिथल्या वकिलांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं.

काम्पाला

विमान खाली येत होतं आणि खिडकीतून नुसतं पाणी दिसत होतं. मला वाटलं, समुद्र. शेजारच्या बाई म्हणाल्या, तलाव आहे. पवना धरण भरलं की आम्ही पिंपरी-चिंचवडचे लोक वर्षाची चिंता मिटली म्हणतो. इथे या तलावाला दुसरा काठच नव्हता. नजर जाईल तिथे पाणी, आणि मग आभाळ.

शहर टेकड्यांवर पसरलेलं आहे. माती महाबळेश्वरच्या घाटातल्यासारखी लाल, आणि तिच्यावर इतकं हिरवं की डोळ्यांना जड वाटावं. विजेच्या खांबांवर माणसाच्या कमरेएवढे करकोचे उभे होते. डोक्याला टक्कल, गळ्याखाली पिशवी, मागे हात बांधल्यासारखी चाल. निवृत्त मुख्याध्यापकांची सभा भरल्यासारखी दिसत होती.

आमच्या गाडीचा चालक हसन. पहिल्या सकाळी त्यानं रस्त्याकडेच्या तव्यावरची अंडं गुंडाळलेली चपाती आणून दिली आणि मोठ्या मायेनं विचारलं, तुमच्याकडे चपाती मिळते का? बालाजीनं सांगितलं, आम्ही रोज तीच खातो. हसनला ते पटलं नाही. चपाती युगांडाची आहे, म्हणाला, कदाचित आमच्याकडून तुमच्याकडे गेली असेल. आम्ही वाद घातला नाही. चपाती खरंच छान होती.

दुसऱ्या दिवशी आजीच्या गावाला निघालो. वाटेत एक मोठं अरण्य लागलं. दुतर्फा झाडं इतकी उंच की दुपारच्या उन्हातही रस्ता थंडगार होता. अरण्य संपलं आणि ऊस सुरू झाला. टेकडीमागून टेकडी, सगळा ऊस. मग तो वास आला. बालाजी सकाळपासून गप्प होता. काच खाली करून म्हणाला, "मळीचा वास. आपल्याकडच्या कारखान्यासारखाच." गणेशनं रोज हाच वास घेतला असणार, हे मलाही त्याच क्षणी जाणवलं.

जाजांच्या अंगणात

तिकडे आजीला जाजा म्हणतात. जाजांचं घर विटांचं, पत्र्याचं, सभोवती केळीची बाग. अंगण इतकं झाडलेलं की त्यावर खराट्याच्या रेघा उमटल्या होत्या. मुकिसाची मावशी ग्रेस शाळेत शिक्षिका आहे. तिला चांगलं इंग्रजी येतं, त्यामुळे सगळं बोलणं तिच्या तोंडून झालं.

जाजा समोर आल्या. उंच, ताठ, पायघोळ झगा, त्याला खांद्यावर टोकदार बाह्या आणि कमरेला रुंद पट्टा. मी पाया पडायला वाकले. त्यांच्यात बायका पाहुण्याला गुडघे टेकून रामराम करतात, त्यामुळे जाजाही त्याच वेळी खाली बसल्या. आमची डोकी धाडकन आपटली. ग्रेसनं तोंडावर हात ठेवला. जाजांनी माझं कपाळ चोळलं, मी त्यांचं चोळलं, आणि आमची ओळख झाली.

मुकिसा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. गणेशचे कान. आमच्या घराण्यात सगळ्यांचे कान थोडे पुढे असतात. बालाजीनं ते पाहिले आणि अंगणाकडे तोंड फिरवून उभा राहिला.

चटईवर बसलो आणि मी माझी चूक केली. वेळ जाऊ नये म्हणून निळी फाइल काढून मधोमध ठेवली आणि कुठे सह्या लागतील त्या पानांना लावलेल्या चिठ्ठ्या दाखवायला लागले. ग्रेसनं हसत हसत फाइल उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. त्यांच्यात आधी एकमेकांची खुशाली विचारायची असते, आणि ती लांबलचक असते. घर कसं, वाट कशी, मागे राहिलेले कसे, प्रत्येक उत्तराला दोन्ही बाजूंनी हुंकार. मग जेवण. काम त्यानंतर. आमच्याकडे मुलगी बघायला गेलेल्यांनी दारातच हुंड्याचं काढावं, तसं काहीसं मी केलं होतं.

जेवण केळीच्या पानांच्या मोठ्या गाठोड्यात वाफवलेलं होतं. गाठोडं उघडलं आणि पानगीचा वास आला. आत कच्च्या केळ्यांचा पिवळा, मऊ गोळा, त्यावर शेंगदाण्याची दाट आमटी. उपासाची दाण्याची आमटी असते ना, तीच, फक्त तिखट नाही. मी डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे केली. जाजांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे पुसले आणि आणखी मागितली.

हात धुतल्यावर जाजा बोलल्या. आवाज चढला नव्हता, पण ग्रेस सांगताना चाचरत होती.

"आई विचारतेय, इतका उशीर का केलात?"

मी पटकन फाइलकडे बोट केलं. मंजुऱ्या, शिक्के, पडताळणी, सगळं सांगितलं. जाजांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, बापाचा भाऊ म्हणजे बापच. आमच्या भाषेत दोघांना शब्द एकच. बापाला स्वतःचं लेकरू न्यायला कागद कशाला लागतो? दोन वर्षं मी वाट पाहिली. मला वाटलं, याच्या बापाला फोनपलीकडे माणसंच नाहीत.

मराठवाड्यात आम्ही बापाच्या मोठ्या भावाला थोरला बाप म्हणतो. हे मला आणि बालाजीला दोघांनाही आठवलं, कारण आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जी गोष्ट सिद्ध करायला आम्ही दोन देशांच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, ती या बाईंच्या लेखी कधी प्रश्नच नव्हती. त्यांचा प्रश्न वेगळा होता. आम्ही खरंच याची माणसं आहोत का?

जाजांचे थोरले भाऊ खुर्चीवर बसले होते, हातात काठी, पांढरा पायघोळ अंगरखा आणि त्यावर कोट. त्यांनी बालाजीला उभं राहायला सांगितलं. स्वतःचं नाव सांग, बापाचं, आज्याचं, त्याच्या बापाचं. आणि तुमच्या कुळाची खूण सांग. ग्रेसनं मला समजावलं. तिथे प्रत्येक कुळाला एक खूण असते. कुणाची माकड, कुणाची मासा, कुणाची टोळ. ज्याची जी खूण ती तो खात नाही, तिला इजा करत नाही. कूळ बापाकडून येतं. त्यामुळे मुकिसा जाजांच्या घरात वाढला तरी जाजांच्या कुळातला नव्हता.

"पोरं खेळताना एकमेकांना विचारतात," ग्रेस म्हणाली. "तुझं काय? एक म्हणतो माकड, एक म्हणतो मासा. हा घरी येऊन विचारतो, माझं काय? आमच्याकडे उत्तर नाही. आई म्हणते, जे लोक उत्तर घेऊन येतील त्यांच्याकडेच पोरगा देईन."

बालाजी उभा राहिला. नावं त्याला आली, कारण दरवर्षी पितृपक्षात तो ती घेतो. बालाजी, ज्ञानोबाचा. ज्ञानोबा मारुतीचा. मारुती सखारामाचा. प्रत्येक नावाला म्हातारबुवा हुंकार देत होते. खुणेपाशी तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. माझ्या फाइलमध्ये त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेपासून रक्तगटापर्यंत सगळं होतं, हे नव्हतं. त्यानं सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

निगडीत संध्याकाळ झाली होती. आई दिवा लावून नुकत्याच बसल्या होत्या.

"आई, आपलं देवक काय गं?"

"उंबर. लग्नात मांडवाला डहाळी आणली हुती की रं. इसरलास? नवरी तेवढी ध्यानात राहिली तुझ्या."

मी ग्रेसला सांगितलं. उंबर, एक झाड. आम्ही ते तोडत नाही, त्याचं लाकूड जाळत नाही. लग्नात सगळ्यांआधी त्याची पूजा. कुठलं झाड, हे तिला कळेना. मी फोनवर फोटो शोधून दाखवला. ग्रेसनं फोटो पाहिला, जाजांना दाखवला, जाजांनी भावाला. तिघंही एकदम अंगणाच्या कोपऱ्याकडे बघायला लागली.

तिथे एक झाड होतं. मी येताना पाहिलं होतं, पण बुंध्याला केळीची पानं गुंडाळलेली, म्हणून आजारी असेल असं वाटलं होतं. ते मुटुबा. उंबराचंच भावंड. त्याची साल अखंड सोलतात, लाकडी हातोड्यांनी ठोकून ठोकून तिचं कापड करतात. उघड्या पडलेल्या झाडाला केळीच्या पानांनी झाकतात आणि त्याला नवी साल येते. त्या कापडात माणसाला अखेरचं गुंडाळतात. ग्रेस म्हणाली, या झाडाच्या कापडात आम्ही प्रॉसीला गुंडाळलं. ती तिथे, केळीच्या बागेत आहे.

बालाजी उठला. चपला काढल्या, झाडापाशी गेला, बुंध्यावर हात ठेवला आणि मग दोन्ही हात जोडले. कुणी त्याला हे सांगितलं नव्हतं. मी देवभोळी बाई नाही. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. समुद्रापलीकडे, विषुववृत्ताजवळ, माझ्या सासरच्या मांडवातलं झाड उभं होतं आणि त्यानं माझ्या जावेला पांघरूण दिलं होतं.

फोन अजून चालूच होता. आई ओरडून विचारत होत्या, काय झालं, कुणी बोलंना का? जाजांनी फोन हातात घेतला. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी आई बोलल्या. मी त्यांचं इंग्रजी करायची, ग्रेस पुढे सांगायची.

"लेकरू रातच्याला कुणापाशी झोपतंय?"

जाजा म्हणाल्या, माझ्यापाशी.

"मंग सांग तिला, हितं माझ्यापाशी झोपंल."

जाजांनी थोडा विचार केला आणि विचारलं, त्या घोरतात का?

ग्रेसच्या तोंडून प्रश्न आला तेव्हा बालाजी झाडापासून परत येत होता. "लई," तो म्हणाला. ते भाषांतराशिवाय पोचलं. जाजा हसल्या. म्हणाल्या, बरं आहे, त्याला घोरण्याचीच सवय आहे. मग त्यांनी मुकिसाला जवळ घेतलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो तीरासारखा अंगणाबाहेर पळाला. थोड्या वेळानं शेजारच्या पोरांचा घोळका घेऊन आला, त्या झाडाशी गेला, आणि छाती काढून त्यांना एक शब्द म्हणाला, "मुटुबा." आम्हाला भाषांतर लागलं नाही.

जिंजा

गणेशवर तिकडच्या आपल्या लोकांनी अंत्यसंस्कार केले होते आणि अस्थी जिंजाला, नाईल जिथे तलावातून निघते तिथे सोडल्या होत्या. जाजा म्हणाल्या, पोराला बापाची जागा दाखवल्याशिवाय न्यायचं नाही. म्हणून सगळे गेलो.

नदीचा उगम म्हणजे आपल्याकडे गोमुख, छोटंसं कुंड, थेंबथेंब पाणी. इथे नदी जन्मतःच अवाढव्य आहे. तलावाचं पाणी एका ठिकाणी ठरवल्यासारखं उत्तरेकडे वळतं आणि तिथून नदी होऊन निघतं. नावाड्यानं सांगितलं, हे पाणी समुद्राला मिळायला महिने लागतात. वाटेत कितीतरी देश, आख्खं वाळवंट. लातूरच्या आमच्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत वाढलेला गणेश या पाण्यात आहे, हे नावेत बसून माझ्या डोक्यात मावेना. बालाजीनं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. मुकिसानं ते पाहून तसंच केलं आणि उरलेलं माझ्या ड्रेसवर टाकून दिलं. जाजांनी दटावलं. मी म्हटलं, राहू दे.

कोर्ट

कोर्टात फाइल चालली, हे नमूद करते. एकही कागद कमी पडला नाही. रक्ताचं नातं होतं, म्हणून बाकीच्या अटी न्यायाधीशांनी आमच्यासाठी सैल केल्या. शेवटी त्यांनी जाजांना उभं केलं आणि विचारलं, मुलगा कायमचा परदेशी जाणार आहे, हे तुम्हाला समजतंय ना?

जाजा म्हणाल्या, "परदेशी नाही. बापाच्या घरी जातोय. मी त्याला पाठवतेय."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि आदेश लिहायला घेतला.

रस्ता

पासपोर्ट आणि व्हिसा हातात येईपर्यंत आम्ही जाजांच्या गावाजवळच खोली घेऊन राहिलो. मुकिसा बालाजीच्या खांद्यावर बसायला शिकला, मी केळी सोलायला शिकले. त्याच्या मराठीत सगळ्यात आधी "नको" आलं, मग "अजून".

निघायच्या दिवसाचं मी पुरेपूर नियोजन केलं होतं. रडारड झाली तर खाऊ, वाटेत खेळायला गाडी, विमानतळावर वेळेआधी पोचायचं म्हणून लवकर निघणं. हसननं सामान चढवलं. मी मुकिसाला गाडीत बसवायला गेले, तर जाजांनी त्याचा हात धरला होता आणि त्या चालायला लागल्या होत्या. पाठोपाठ ग्रेस, म्हातारे भाऊ, शेजारणी, पोरं.

हसन म्हणाला, आता गाडी मागून हळूहळू येईल, तुम्हीही चाला. इथे पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत, थोडी वाट त्याच्याबरोबर चालतात. जितकं माणूस जवळचं तितकी वाट लांब. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मग हात खाली घेतला.

लाल रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. कुणी रडत नव्हतं. गप्पा चालल्या होत्या, एक शेजारीण मोठ्यानं हसत होती. वाटेतल्या प्रत्येक घरातून कुणीतरी बाहेर यायचं, मुकिसाला काहीतरी म्हणायचं आणि थोडं अंतर बरोबर चालून मागे वळायचं. पोरं वळली. शेजारणी वळल्या. म्हाताऱ्या भावानं काठी वर करून निरोप घेतला. मग ग्रेसही थांबली. तिनं भाच्याला उराशी धरलं, त्याची कॉलर नीट केली आणि वळली. जाजा चालतच होत्या. मुकिसाचा हात त्यांच्या हातात, बालाजी आणि मी दोन पावलं मागे, गाडी आणखी मागे. गाव दिसेनासं झालं. ऊस संपला. अरण्याची कड दिसायला लागली, तरी त्या थांबेनात. त्यांना थांबवायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

जिथून अरण्य सुरू होतं, सावली रस्त्यावर येते, तिथे जाजा थांबल्या. आमच्याकडे वळल्या. मुकिसाच्या डोक्यावर हात ठेवला, मग त्याचा हात सोडला आणि आल्या वाटेनं परत निघाल्या. मागे वळून पाहिलं नाही. हसन नंतर म्हणाला, पोचवणाऱ्यानं वळून पाहायचं नसतं, नाहीतर जाणाऱ्याचे पाय अडखळतात.

मुकिसा रस्त्याच्या मधोमध उभा होता. पाठमोऱ्या जाजांकडे बघत. मी खिशातला खाऊ काढला नाही. हाकही मारली नाही. बालाजी त्याच्या शेजारी जाऊन नुसता उभा राहिला. पुष्कळ वेळ आम्ही तिघं तसेच थांबलो. लाल रस्त्यावर जाजा लहान होत गेल्या, पण त्यांचा ताठपणा अगदी शेवटपर्यंत दिसत होता.

मग मुकिसानं एकदा वर बालाजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि आमच्यापैकी कुणाचाही हात न धरता, अरण्याच्या दिशेनं, आमच्या पुढे चालायला लागला.